तापाने गेलेल्याचे नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजन समितीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय माझ्या मनाचा घ्यायला सांगितले आहे. शाळेत असताना मला पंधरा मिनिटे मिळत ती फक्त बाकावर उभे राहण्यासाठी. तेव्हा आज बढती झाली असे समजतो.

आपण १९७८ च्या दहावीचे. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण सगळे भंडारा जिल्ह्यातले. पत्त्यात ‘जि. भंडारा’ लिहायचो. धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून चालत शाळेत यायचो. पावसाळ्यात चपला हातात आणि दप्तर डोक्यावर. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो आजही तिथेच आहे. सकाळी आल्या आल्या मी तो वाजवून पाहिला. शिपाईदादा रागावले नाहीत, हाच काय तो फरक.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फळा आहे. दरवर्षी शाळेतून पहिला येणाऱ्याचे नाव त्यावर रंगाने लिहितात. त्यावर आपल्यापैकी एकाचे नाव आहे, तो समोरच बसला आहे, आणि सकाळपासून चार वेळा तिकडे फेरी मारून आला आहे. मारू द्या, त्याचा हक्कच आहे. पण त्या फळ्यासमोर उभा असताना मला दुसऱ्याच एका भिंतीची आठवण झाली. तिच्याबद्दल आज सांगायचे आहे.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे मुंबईत काढली. एका रविवारी काही कामासाठी कुलाब्याला गेलो होतो. पाऊस आला. नेव्हीनगरच्या अलीकडे एक उंच मनोऱ्याचे जुने दगडी चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. आडोसा म्हणून आत शिरलो. आत कुणी नव्हते. रंगीत काचांतून उजेड येत होता आणि भिंतींवर नावे कोरलेली होती. मी वाचत गेलो. सगळी इंग्रजांची नावे.

मग कळले की ते चर्च म्हणजेच एक युद्धस्मारक आहे. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानात ज्या मोहिमा झाल्या, त्यांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी ते बांधले. १८५८ च्या जानेवारीत ते प्रार्थनेसाठी खुले झाले. मनोरा नंतर पूर्ण झाला, १९८ फुटांचा, बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून दिसावा असा. १८३८ साली मुंबईहून फौज जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिथून वर अफगाणिस्तानात गेली. त्या फौजेत गोरे होते, तसे आपल्या मुलखातले शिपाईही होते. पुढे १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परत फिरलेली इंग्रजांची दुसरी मोठी फौज बर्फात आणि हल्ल्यांत जवळपास सगळी संपली. सैनिक होते सुमारे साडेचार हजार. बरोबरचे भिश्ती, सईस, हमाल, स्वयंपाकी, बायामुले मिळून आणखी बारा हजार. हा इतिहास आपल्याला जोशपूर्ण आवाजात शिकवला गेला होता. सर समोरच आहेत. सर, काबूल लक्षात राहिले, सनावळी मात्र मी पुन्हा पाठ केली.

तिथल्या लेखात जे लिहिले आहे, त्याचा अर्थ असा : भिंतीवर ज्यांची नावे आहेत त्या अधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले आहे, आणि त्याशिवाय त्या साध्या शिपायांच्याही स्मरणार्थ, जे संख्येने इतके होते की त्यांची नावे लिहिता आली नाहीत, जे आजाराने किंवा तलवारीने पडले.

मी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. अधिकारी मोजके म्हणून त्यांची नावे कोरली, शिपाई जास्त म्हणून त्यांची राहिली. म्हणजे जितके जास्त मेले, तितकी आठवण कमी. दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष शेवटच्या शब्दांकडे गेले. आजाराने किंवा तलवारीने. नावे लिहिली नाहीत हे खरे, पण तापाने मेलेल्याला आणि वार लागून मेलेल्याला त्यांनी एका ओळीत बसवले होते. ‘आजार’ हा शब्द तर त्यांनी आधी घेतला होता.

पाऊस थांबला. मी बस पकडून घरी आलो आणि ती गोष्ट विसरून गेलो.

ती परत आठवली ती गेल्या पावसाळ्यात. या मेळाव्यासाठी वर्गाची यादी करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. संपूर्ण नाव, गाव, फोन, सध्या काय करतात असे रकाने होते. जे आपल्यात नाहीत त्यांच्यापुढे ‘दिवंगत’ लिहायचे होते. आपल्या वर्गातले सात जण गेले आहेत. सहा जणांची नावे पूर्ण लिहिली. सातव्याच्या नावाशी थांबलो. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी तीन वर्षे बसलेला मुलगा. त्याला आपण सगळे ‘फौजी’ म्हणायचो, कारण आठवीपासून तो हेच सांगायचा की मी पलटणीत जाणार. त्याचे पाळण्यातले नाव मला आठवले. आडनाव आठवले. वडिलांचे नाव आठवेना. दोघातिघांना फोन केला. त्यांनाही आठवेना. एकाने तर विचारले, “फौजी म्हणजे कोण रे?” मी रकाना कोरा सोडला आणि पुढचे नाव लिहायला घेतले.

रात्री झोप लागली नाही. कुलाब्याच्या भिंतीवर राग धरणारा मी, आणि माझ्या हातच्या यादीत तेच झाले होते. तिथे निदान संख्या फार होती. माझ्यापुढे तर सातच नावे होती.

फौजीची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. दहावीनंतर त्याने दोन वर्षे घरची शेती केली, मग कामठीला भरतीला गेला आणि निवडला गेला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा मंडईत गणवेश घालून फिरला होता, आणि दंडार बघायला सगळ्यांत पुढे बसला होता, एवढे मला आठवते. १९८६ साली ईशान्येकडे ड्युटीवर असताना त्याला हिवताप झाला आणि तो लष्करी रुग्णालयात गेला. वय चोवीस. गावाकडे आली ती अस्थींची पिशवी आणि लोखंडी ट्रंक. मी तेव्हा मुंबईत होतो. पत्राने कळले.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापक सरांना फोन केला. त्यांनी जुन्या कपाटातून दाखलखारीज रजिस्टर काढले. मित्रांनो, त्या रजिस्टरात आपण सगळे आहोत. पहिला आलेला आणि तीनदा नापास झालेला, दोघांची नावे एकाच अक्षरात, एकाच शाईत. त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख सगळे सापडले. आईचे नाव मात्र नव्हते. त्या काळी रजिस्टरात आईच्या नावाचा रकानाच नव्हता.

ते विचारायला मी आणि आपला एक मित्र त्याच्या गावी गेलो. आई आहेत. पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी कमी दिसते, पण ओळख पटल्यावर आमचा हात सोडला नाही. आम्ही सांगितले की माय, शाळेत यादी करतोय, त्याचे नाव घ्यायचे आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “माया पोराले गोळी नाही लागली बाबू. तापानं गेला. तापानं गेलेल्याचं नाव कोण लिवते?”

कुणी तसे त्यांना सांगितले होते का, हे मी विचारले नाही. कुणी न सांगताही माणसाला ते कळत जाते. सव्वीस जानेवारीला बोलावणे येत नाही, चौकाला नाव मिळत नाही, तेव्हा माणूस समजून घेतो.

घरी आल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. थोडक्यात सांगतो, कारण मला पुढे जी विनंती करायची आहे तिला त्याचा आधार आहे.

पहिली गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असलेली, भीमा कोरेगावची. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर तिथे जो स्तंभ उभा राहिला, त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर साध्या शिपायांची नावे आहेत. एकूण ४९ नावे, त्यांतली २२ ‘नाक’ असा शेवट असलेली, म्हणजे महार सैनिकांची. लेख इंग्रजीत आहे तसा मराठीतही आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट उभी राहिली, पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात आणि दुसरी आपल्या कामठीत. दगडावर नाव असले की शंभर वर्षांनीही कुणीतरी येऊन ते वाचतो आणि त्यातून काहीतरी उभे राहते. कुलाब्याचे चर्च त्या स्तंभानंतरचे आहे. म्हणजे शिपायाचे नाव दगडावर कोरता येते, हे तेव्हा माहीत नव्हते असे नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या महायुद्धाची. माझी मुलगी काही वर्षे इंग्लंडमध्ये होती. तिच्याकडे गेलो असताना आसपासची खेडी पाहिली. तिथे खेड्यातल्या चर्चमध्ये, नाहीतर चर्चच्या आवारात, त्या गावातून युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्यांची नावे असतात. अनेक ठिकाणी ती वर्णक्रमाने लावलेली. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावरचा मजूर एकाखाली एक. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या पोरांना ती नावे न शिकवता पाठ होतात. आपल्याकडे साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे, लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे.

त्याच काळात, १९१७ साली, युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवण्यासाठी ब्रिटिश साम्राज्याने एक आयोग नेमला. त्याचे तत्त्व चांगले होते : प्रत्येकाचे नाव कोरायचे, त्यात हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये न्यू शापेल येथे त्याप्रमाणे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली गेली. पण इराकमध्ये बसरा येथे १९२९ साली जे स्मारक उघडले गेले, तिथे हे तत्त्व पाळले नाही. मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत पुण्याची सहावी डिव्हिजन होती, तीत मराठा पलटणी होत्या. कुट येथे पाच महिने वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. कितीतरी जण त्यानंतर कैदेत भुकेने आणि रोगाने गेले. बसराच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत, आणि साध्या भारतीय शिपायांचा त्या त्या पलटणीखाली फक्त आकडा आहे. ‘आणखी इतके’. २०२१ साली त्याच आयोगाच्या चौकशी अहवालाने हे मान्य केले, यामागे वंशभेद होता असेही म्हटले, आणि आयोगाने माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. पण त्या शिपायांच्या आया त्याआधीच गेल्या होत्या.

तिसरी गोष्ट दिल्लीची. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर युद्धांत आणि मोहिमांत कामी आलेल्या जवळपास २६ हजार सैनिकांची नावे तिथे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर आहेत. शिपाई असो की मोठा अधिकारी, पाटी सारखीच. ‘फार आहेत म्हणून लिहिता येत नाहीत’ हे खरे नव्हते, याचा तो दगडी पुरावा आहे. तुम्ही दिल्लीला गेलात तर जरूर जा, आणि आपल्याकडचे एखादे नाव शोधून वाचा.

पण आपला फौजी तिथे नाही. ते स्मारक लढाईत आणि मोहिमांत पडलेल्यांचे आहे, आणि तो नियम मी चुकीचा म्हणत नाही. देशाला कुठेतरी रेघ ओढावी लागते. प्रश्न इतकाच आहे की देशाने जिथे रेघ ओढली, तिथेच शाळेनेही ओढायची का?

मी समितीत सुचवले की शाळेत एक पाटी लावू. शाळेचे जे माजी विद्यार्थी सैन्यात, पोलिसांत, राखीव दलात नोकरीवर असताना गेले, त्यांची नावे तिच्यावर असावीत. आपला जिल्हा कसा आहे ते तुम्ही जाणता. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत गणवेश घालून नोकरी करणे म्हणजे काय, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यावर आपल्यातल्याच एका मित्राने विचारले, आणि त्याने वाईट हेतूने विचारले नाही : “पाटी लावायची तर जे लढताना गेले त्यांची लावू. हा तर दवाखान्यात गेला. उद्या लोक म्हणतील, शहीद कोणालाही म्हणता.”

त्याला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. आज देतो. आपण त्याला शहीद म्हणणार नाही. जे झाले तेच लिहू : नाव, गाव, कोणत्या साली, कशाने. ‘हिवतापाने’ असेच लिहू. सियाचीनमध्ये १९८४ पासून गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि उंचीवरच्या आजारांनी जास्त जवान गेले. डास असलेल्या जंगलात त्याला पाठवले म्हणून तो गेला. तो घरी राहिला असता तर आज इथे दुसऱ्या रांगेत बसला असता आणि माझे भाषण लांबले म्हणून कुरकुरत असता. त्याने जागा निवडली नव्हती आणि मरणही निवडले नव्हते. कुलाब्याच्या त्या चर्चमध्ये ज्यांनी शिपायांची नावे गाळली, त्यांनाही इतके कळले होते की आजाराने गेलेला आणि तलवारीने गेलेला एकाच कामावर गेला होता. त्यांची चूक आपण करू नये, आणि त्यांच्या हातून जे बरोबर झाले ते सोडू नये.

तेव्हा माझी विनंती तीन गोष्टींची आहे.

एक, पाटी लावू. खर्च फार नाही, आपण वर्गवार वाटून घेऊ. नावे अकारविल्हे, हुद्द्याप्रमाणे नाही. आणि प्रत्येक नावाखाली वडिलांबरोबर आईचे नाव लिहू. रजिस्टरात राहिलेला तो रकाना पाटीवर भरून काढू.

दोन, मुख्याध्यापक सरांनी शाळेत एक वही ठेवण्याचे मान्य केले आहे. कुणाचे आजोबा, पणजोबा जुन्या महायुद्धांत गेले असतील, कुणाच्या घरी एखादे पदक, पेन्शनचा कागद, फोटो असेल, तर त्याची माहिती त्या वहीत लिहावी. ‘आमच्याकडे काय असणार’ असे म्हणू नका. माळ्यावरची ट्रंक उघडून बघा. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, पुढच्या मंडईपर्यंत थांबू नका.

तीन, ही विनंती गुरुजनांना. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर एका विद्यार्थ्याने ती नावे मोठ्याने वाचावीत. दोन मिनिटेही लागणार नाहीत.

तुमच्या लक्षात आले असेल की एवढ्या वेळात मी फौजीचे नाव घेतले नाही. ते विसरल्यामुळे नाही. आता ते मला आई-वडिलांच्या नावांसह पाठ आहे. हे भाषण स्मरणिकेत छापायचे आहे, म्हणून निघताना मी त्याच्या आईला विचारले की माय, पुस्तकात नाव छापू का? त्या म्हणाल्या, “आधी शाळेत लिवा. मंग कागदावर.”

त्यांचा शब्द मी मोडणार नाही. येत्या सव्वीस जानेवारीला पाटी लागेल, त्यांना घरून आणायला गाडी जाईल, आणि त्यांच्यासमोर ते नाव पहिल्यांदा वाचले जाईल. त्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी जरूर यावे. रुळाचा तुकडा वाजेल तेव्हा समजा, प्रार्थना सुरू झाली.